करकपातीचा पैसा नेमका कुणाकडे गेला? १३ लाखांचा पगार, भावाची फर्म आणि काकांची शेती

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्या गृहस्थांचा पगार वर्षाला १३ लाख आहे. त्यांच्या भावाची दोघा भागीदारांची फर्म आहे, नफा वर्षाला १२ लाखांच्या आसपास. काका गावी शेती करतात आणि मशागतीला ट्रॅक्टर भाड्याने आणतात. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर गेला, सप्टेंबरात जीएसटीचे दर उतरले. ऑफिसातले सहकारी म्हणतात, मध्यमवर्गाच्या पदरात इतक्या वर्षांनी काहीतरी पडलं. एक मित्र आकडे मांडून सांगतो की जास्त पैसे वरच्यांनाच सुटले. काका विचारतात, यात आम्हाला काय? तिघांपैकी खरं कोण बोलतंय?

मी करसल्लागार आहे. लोकांची विवरणपत्रं भरणं हे माझं काम, त्यामुळे हा वाद रोज कानावर पडतो. तिघांचेही आकडे तपासले तर बहुतेक बरोबर निघतील. दर कुणाचा कमी झाला हे कायद्यात वाचता येतं. सुटलेला पैसा शेवटी कुणाकडे राहिला हे मात्र व्यवहारात कुणाचं पारडं जड आहे त्यावर ठरतं. आणि तिजोरीत पडलेली तूट कोण सोसणार, याचा निकाल तिसऱ्याच ठिकाणी लागतो. या तीन गोष्टी एकात एक कालवल्या की वाद कधीच संपत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी घेऊ.

प्राप्तिकरापासून सुरुवात करतो, कारण तिथला हिशेब सर्वांत स्वच्छ आहे. नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे दर ४ लाखांच्या टप्प्यावर ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. त्यावर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत रिबेट, म्हणजे करातली सूट, म्हणून करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कर शून्य. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. आदल्या वर्षीच्या नव्या प्रणालीशी ताडून पाहिलं, अधिभार आणि उपकर (करावर लागणारा जादा कर) बाजूला ठेवला, तर ८ लाखवाल्याचे ३०,००० वाचतात, १२ लाखवाल्याचे ८०,०००, १६ लाखवाल्याचे ५०,०००, १८ लाखवाल्याचे ७०,०००, आणि २४ लाखांपासून पुढे सर्वांचे १,१०,०००. ७ लाखांच्या आतल्यांचा कर २०२३ पासूनच शून्य होता, त्यामुळे त्यांचे वाचले शून्य.

आता याच आकड्यांवरून तीन वेगळी उत्तरं काढून दाखवतो. रुपयांत मोजलं तर सर्वांत जास्त फायदा २४ लाखांच्या वरच्यांना. प्रश्न विचारणारे गृहस्थ, तुमचा मित्र हेच सांगतो आणि त्याचं गणित चुकलेलं नाही. भरत असलेल्या कराच्या प्रमाणात मोजलं तर १२ लाखवाल्याचा १०० टक्के कर गेला, २५ लाखवाल्याचा २५ टक्के आणि एक कोटीवाल्याचा जेमतेम ४ टक्के. सरकारने अर्थसंकल्पी भाषणात हीच मोजपट्टी वापरली. उत्पन्नाच्या प्रमाणात मोजलं तर १२ लाखवाल्याला साडेसहा टक्क्यांहून थोडं जास्त मिळालं, २५ लाखवाल्याला ४.४ टक्के, कोटीवाल्याला १.१ टक्के. मला विचाराल तर ही तिसरी मोजपट्टी सर्वांत प्रामाणिक आहे. घरखर्च उत्पन्नातून चालतो, त्यामुळे मिळकतीत किती टक्के भर पडली यावरूनच कुटुंबाला किती फरक पडला ते कळतं. कराच्या टक्क्यांत सांगितलेल्या आकड्यापासून मात्र जरा जपून राहावं. ज्याचा कर मुळातच थोडा होता त्याला काहीशे रुपये सोडले तरी तिथे शंभर टक्के माफी दिसते.

पण तिसरी मोजपट्टीसुद्धा फक्त विवरणपत्र भरणाऱ्यांपुरती आहे. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशात ७.२८ कोटी विवरणपत्रं भरली गेली. लोकसंख्या १४० कोटींच्या वर. त्याआधी २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०२२-२३ या वर्षात ७.४० कोटी लोकांनी विवरणपत्र भरलं होतं आणि त्यातल्या सुमारे ५.१६ कोटींचा देय कर शून्य होता. म्हणजे प्रत्यक्ष कर भरणारे मोजके दोन-सव्वादोन कोटी, आणि प्राप्तिकराच्या दराबद्दलची सगळी लढाई त्यांच्यात चालते. देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २ लाख रुपये आहे. १२ लाख मिळवणारा माणूस त्याच्या सहापट मिळवतो. शहरात घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं भागवताना तो मेटाकुटीला येतो, हे मी रोज पाहतो आणि त्याची दमछाक खरी आहे. तरीही देशाच्या उत्पन्नाच्या उतरंडीत तो मधोमध बसलेला नाही, वरच्या पायऱ्यांवर आहे. ऑफिसातले सहकारी करदात्यांमधला मध्य पाहतात, काका सगळ्या देशाचा मध्य पाहतात.

इथे २०२३ च्या अर्थसंकल्पाची आठवण करून द्यायलाच हवी, कारण ती वादात फार कमी येते. त्या वर्षी नव्या प्रणालीत रिबेटची मर्यादा ५ लाखांवरून ७ लाखांवर गेली. ७ लाख उत्पन्नवाल्याचे उपकरासह ३३,८०० रुपये वाचले आणि बातम्यांचे मथळे त्यावरच झाले. त्याच भाषणात ५ कोटींच्या वरच्या उत्पन्नावरचा अधिभार ३७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला गेला. सर्वोच्च दर ४२.७४ टक्क्यांवरून ३९ टक्के झाला. १० कोटी उत्पन्न असलेल्या माणसासाठी हा फरक ३७ लाखांच्या आसपास जातो. संख्येने असे लोक अगदी थोडे, त्यामुळे सरकारचं नुकसानही त्या मानाने मर्यादित. पण कोणत्या सुधारणेत कुणाला किती मिळालं हे पाहायचं असेल तर मथळ्यातल्या ओळीबरोबर खालचीही ओळ वाचावी लागते. मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना हे नेहमी सांगतो.

आता तुमचा स्वतःचा हिशेब. १३ लाखांतून प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न १२.२५ लाख. टप्प्यांनुसार कर ६३,७५० होतो, पण १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न जास्त, त्याहून अधिक कर लागू नये म्हणून मार्जिनल रिलीफ मिळतो. त्यामुळे कर २५,०००, वर ४ टक्के उपकर १,०००, एकूण २६,०००. आदल्या वर्षी याच उत्पन्नावर ८८,४०० भरावे लागले असते. तुमचे ६२,४०० वाचले, महिन्याला ५,२००. सहकाऱ्यांचं म्हणणं तुमच्यापुरतं खरं आहे.

मात्र तुम्ही बसलाय ती जागा अवघड आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख ते साधारण १२,७०,५८८ या पट्ट्यात असेल तर १२ लाखांवरचा प्रत्येक जास्तीचा रुपया करातच जातो, उपकर वेगळा. पुढच्या वर्षी ४०,००० ची वाढ मिळाली तर हातात काहीच उरणार नाही, उलट उपकरामुळे थोडे कमीच होतील. यावर कायदेशीर उपाय आहे. कंपनीकडून तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरली जाणारी रक्कम मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होते. पगाराची रचना बदलून वर्षाचे २५,००० त्या वाटेने वळवले तर करपात्र उत्पन्न १२ लाखांवर येतं आणि कर शून्य होतो. मनुष्यबळ विभागाशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोला, फेब्रुवारीत बोलून उपयोग नाही. आणखी एक सावधगिरी: शेअर विकून झालेला अल्पमुदतीचा नफा असेल तर त्यावरच्या खास दराच्या कराला हा रिबेट लागू नाही. ‘१२ लाखांपर्यंत शून्य’ एवढंच ऐकून अनेक जण इथे फसतात.

जुन्या प्रणालीत राहिलेल्यांना या कपातीतून काहीच मिळालं नाही. तिथली २.५ लाखांची मर्यादा २०१४ पासून हललेली नाही. २४.७५ लाख पगारवाल्याला जुनी प्रणाली परवडायची तर प्रमाणित वजावट सोडून सुमारे ८ लाखांच्या वजावटी दाखवाव्या लागतात. मोठं घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, कलम ८०सी खालची बचत, एनपीएस आणि विमा हे सगळं एकत्र असेल तरच ते जमतं. कर वाचवण्याच्या निमित्ताने का होईना, लोक पीपीएफमध्ये, विम्यात पैसे टाकत होते. ती ओढ आता सुटतेय. ज्यांना शिस्त आहे ते आपणहून बचत करतील. बाकीच्यांची मला खरोखर काळजी वाटते, पण तो विषय वेगळा.

आता दुसरी गोष्ट: दर कुणाचा उतरला आणि पैसा कुणाकडे राहिला. पगारदाराच्या प्राप्तिकरात हे अंतर कमी असतं, कारण टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कमी कापला की पैसे थेट पगारात दिसतात. अपवाद म्हणजे ज्यांच्याशी हातात पडणाऱ्या रकमेचा करार झालेला असतो ते लोक. अशा करारात कर कंपनी सोसते, म्हणून करकपातही कंपनीलाच मिळते. कंपन्यांवरच्या करात आणि जीएसटीत मात्र हे अंतर फार मोठं असतं, आणि सगळा खरा वाद तिथे आहे.

२० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात कंपनी कराची कपात जाहीर केली. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के दर, अधिभार-उपकरासह २५.१७ टक्के. नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. सरकारने त्या वेळी वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सांगितलं. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून जास्त उसळला. बाजाराने क्षणात सांगून टाकलं की हा पैसा भागधारकांचा आहे. सरकारचा दावा होता की गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढतील, म्हणजे फायदा कामगारापर्यंत झिरपेल.

काय झालं? रिझर्व्ह बँकेने २०१९-२०च्या वार्षिक अहवालात नोंदवलं की कंपन्यांनी हा पैसा कर्जं फेडायला आणि रोख शिल्लक वाढवायला वापरला, नवी भांडवली गुंतवणूक त्यातून सुरू झाली नाही. मार्च २०२० पासून कोविड आला, त्यामुळे एका कपातीचा परिणाम वेगळा काढून दाखवणं अवघड झालं, हे मान्य करायला हवं. पण पुढचं चित्र सरकारच्याच आर्थिक पाहणीत आहे. २०२४-२५ ची पाहणी सांगते की निफ्टी ५०० या शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांचा नफा जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेला, २००७-०८ नंतरचा सर्वांत उंच. २०२३-२४ मध्ये नफा २२.३ टक्के वाढला, कर्मचारीसंख्या अवघी १.५ टक्के. अशी वाढ टिकणारी नाही, असा इशाराही त्या पाहणीतच आहे. याच काळात वैयक्तिक प्राप्तिकर कंपनी कराच्या पुढे गेला: २०२३-२४ मध्ये निव्वळ कंपनी कर ९.११ लाख कोटी, तर रोखे व्यवहार करासह वैयक्तिक प्राप्तिकर १०.४४ लाख कोटी. पगारदाराने आपल्यावर जास्त भार पडल्याची तक्रार केली तर तिला आधार आहे.

अमेरिकेत २०१७ मध्ये कंपनी कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला तेव्हाही हाच वाद झाला होता. राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा अंदाज होता की सरासरी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला किमान ४,००० डॉलरनी वाढेल. नंतर कर नोंदी तपासून झालेल्या अभ्यासांत दिसलं ते असं: लाभ मुख्यतः मालक, वरिष्ठ अधिकारी आणि वरच्या दहा टक्के पगारवाल्यांकडे गेला. कामगाराला काहीच मिळत नाही असं अर्थशास्त्र सांगत नाही. गुंतवणूक वाढली तर काही वर्षांनी वेतनही वाढतं. पण जिथे एका जागेसाठी शंभर अर्ज येतात तिथे मालकाला पगार वाढवण्याची घाई का असेल?

२०१९ च्या कपातीतला माझ्या धंद्याच्या माणसालाच चटकन दिसणारा भाग म्हणजे मोठ्या आणि छोट्या कंपन्यांमधला फरक. ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा दर आधीच २५ टक्के होता. एक कोटीच्या आत उत्पन्न असलेली छोटी कंपनी उपकरासह २६ टक्के भरत होती, ती २५.१७ वर आली. वाचला एक टक्काही नाही, वर सवलती सोडाव्या लागल्या. सर्वांत मोठ्या कंपन्या ३४.९४ टक्के भरत होत्या, त्यांचे पावणेदहा टक्के वाचले, अर्थात ज्या आधी सवलती घेऊन प्रत्यक्षात कमी भरत होत्या त्यांचे तितके नाहीत. आणि भागीदारी फर्म व एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी)? त्यांचा दर ३० टक्केच राहिला, उपकरासह ३१.२, नफा एक कोटीच्या वर गेला तर ३४.९४. आपल्याकडचे बहुसंख्य छोटे धंदे कंपनी नसतात. एकल मालकीचे किंवा भागीदारीचे असतात. ‘उद्योगाला दिलेली सवलत’ त्यांच्या दारावरून पुढे निघून गेली.

तुमच्या भावाचं प्रकरण इथे येतं. फर्मला टप्पे नाहीत, पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के. पण काम करणाऱ्या भागीदारांना दिलेलं मानधन कलम ४०(ब) च्या मर्यादेत वजा होतं. २०२४ मध्ये ही मर्यादा वाढली: पुस्तकी नफ्याच्या (मानधन वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यातलं जे जास्त ते, आणि उरलेल्यावर ६० टक्के. १२ लाख नफ्यावर ९ लाख मानधन बसतं. दोघांचं इतर उत्पन्न बेताचं असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं मानधन १२ लाखांच्या आतच राहील आणि त्यावर कर लागणार नाही. फर्मला उरलेल्या ३ लाखांवर ९३,६०० भरावे लागतील. म्हणजे पगारदारासाठी आणलेली सवलत भावापर्यंत पोहोचते, पण आडवाटेने. त्यासाठी भागीदारी करारनाम्यात मानधनाचं कलम हवं, रक्कम किंवा ती काढायची पद्धत लिहिलेली हवी, आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर दिलेल्या मानधन-व्याजावर १० टक्के टीडीएस कापायला हवा. करारनामा वीस वर्षांपूर्वीचा, त्यात मानधनाचा उल्लेखच नाही, अशा फर्म मी आजही पाहतो. त्या १२ लाखांवर पूर्ण ३,७४,४०० भरतात. ज्याला सल्ला परवडतो त्याला सवलत मिळते, हा करकायद्यातला सर्वांत दुखरा भाग आहे आणि कोणत्याही तक्त्यात तो दिसत नाही.

आता जीएसटी. ३ सप्टेंबर २०२५ च्या परिषदेच्या ५६ व्या बैठकीत १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. मुख्य दर ५ आणि १८ राहिले, चैनीच्या आणि अपायकारक वस्तूंना ४०. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ वर. बहुतेक औषधं १२ वरून ५ वर. टीव्ही, एसी, सिमेंट, छोट्या गाड्या २८ वरून १८ वर. सर्वांना मिळालेली ही सवलत आहे, यात शंका नाही. प्रश्न किती मिळाली हा आहे.

दर १८ चा ५ झाला आणि पूर्ण कपात गिऱ्हाइकापर्यंत आली तर वस्तू ११ टक्के स्वस्त होते. एखादं कुटुंब अशा वस्तूंवर महिन्याला ५०० रुपये खर्च करत असेल तर ५५ रुपये वाचतील, वर्षाला ६६०. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के भरपाई उपकर मिळून ५० टक्के होते, आता ४०. मूळ किंमत २० लाख असेल तर २ लाख वाचले. ४० हा आकडा ऐकून अनेकांना वाटलं की मोठ्या गाड्यांवरचा कर वाढला. प्रत्यक्षात तो उतरला. गरीब घराचा सर्वांत मोठा खर्च धान्य, भाजी, दूध यांवर असतो. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भागात खर्चातला ४७ टक्के वाटा खाद्यपदार्थांचा होता. त्यातलं सुटं धान्य, ताजी भाजी, सुटं दूध यांवर जीएसटी आधीही नव्हता. जिथे कर नव्हता तिथे कपात कशी पोहोचणार? म्हणून मी म्हणतो, जीएसटीतली ही कपात रुंद आहे पण पातळ आहे.

याच्या विरुद्ध टोकाचा दावाही तपासून घ्यावा लागतो. ऑक्सफॅम इंडियाने २०२३ च्या अहवालात म्हटलं होतं की जीएसटीचा सुमारे ६४ टक्के वाटा तळातली निम्मी जनता भरते. तो आकडा भाषणांत अजून फिरतो. मी तो वापरत नाही. असे अंदाज खर्चाच्या पाहण्यांवर उभे असतात, आणि या पाहण्यांत श्रीमंतांचा खर्च नेहमी कमी नोंदला जातो. तळातलं कुटुंब आपल्या मिळकतीचा बहुतेक भाग खर्च करतं, त्यामुळे अप्रत्यक्ष कर त्याला जास्त बोचतो, एवढं विधान पुरेसं आहे आणि ते ठाम आहे.

आणि कपात पूर्ण पोहोचते का? नोव्हेंबर २०१७ मध्ये रेस्टॉरंटवरचा जीएसटी १८ वरून ५ झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय) काढून घेतलं. अनेक ठिकाणी मेन्यूकार्डावरच्या मूळ किमती लगेच वाढल्या. तेव्हा कलम १७१ खाली नफेखोरीविरोधी प्राधिकरण होतं, तक्रार करता येत होती. १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणं बंद झालं. म्हणजे जीएसटीच्या इतिहासातली सर्वांत मोठी दरकपात आली तेव्हा ही खिडकी मिटलेली होती; ग्राहक हेल्पलाइन १९१५ एवढाच आधार उरला. जिथे स्पर्धा तीव्र तिथे किमती उतरतात: दुचाकी आणि छोट्या गाड्यांच्या नव्या किमती कंपन्यांनीच जाहिराती देऊन सांगितल्या. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत किमतीऐवजी वजन वाढवलं जातं, ते तपासायला गिऱ्हाइकाच्या हातात तराजू नसतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर पूर्ण गेला, पण विमा कंपनीचं इनपुट क्रेडिटही गेलं. तो भुर्दंड हप्त्यात जातो की एजंटच्या कमिशनमधून कापला जातो, हे नूतनीकरणाच्या नोटिशीत मूळ हप्ता ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तुमच्या कंपनीच्या गट विम्यावर १८ टक्के तसाच आहे, ही माहिती सहकाऱ्यांना जरूर द्या.

काकांचा प्रश्न यातला सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरात येतच नाही, त्यामुळे १२ लाखांच्या घोषणेशी त्यांचा संबंध नाही. ट्रॅक्टर आणि ठिबक-तुषार संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले, ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर. मूळ किंमत ७ लाख असलेल्या ट्रॅक्टरवर ४९,००० वाचतात. पण ते वाचतात ट्रॅक्टर घेणाऱ्याचे. काका तर तासावर भाडं देतात. गावात आज फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर जुन्या दराने घेतलेले आहेत, आणि भाडं मुख्यतः डिझेलवर ठरतं, जे जीएसटीच्या बाहेर आहे. गावात चार नवे ट्रॅक्टर आले, मालकांमध्ये चुरस लागली, तरच भाड्यात काही उतार दिसेल. एकच ट्रॅक्टर असेल तर नांगरटीच्या दिवसांत त्याचा मालक म्हणेल तो भाव. काकांनी ठिबक संच बसवायचा बेत केला असेल तर मात्र ही कपात थेट त्यांच्या बिलात दिसेल. बिल मागावं, त्यावर ५ टक्के लिहिलंय का ते पाहावं.

उरली तिसरी गोष्ट, तूट कोण सोसतं. यावर जवळपास कुणीच बोलत नाही आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. प्राप्तिकराच्या कपातीत सुमारे १ लाख कोटी सोडल्याचं केंद्राने सांगितलं. पण प्राप्तिकर एकट्या केंद्राचा नसतो. १५ व्या वित्त आयोगानुसार विभाज्य (केंद्राने राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या) करांतला ४१ टक्के वाटा राज्यांचा आणि त्यात महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के. ढोबळ हिशेबाने १ लाख कोटींतले ४१,००० कोटी राज्यांचे गेले आणि त्यातले सुमारे २,५९० कोटी महाराष्ट्राचे. अधिभार आणि उपकर विभाज्य निधीत येत नाहीत, त्यामुळे हा आकडा वरखाली होईल. शिवाय वाचलेला पैसा खर्च झाला की थोडा कर परत येतो, तोही धरायला हवा. दिशा मात्र बदलत नाही.

जीएसटीत राज्यांचा भार आणखी मोठा. जमा झालेल्या करात निम्मा थेट राज्याचा आणि केंद्राच्या निम्म्यातला ४१ टक्के परत राज्यांचा. म्हणजे सोडलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सुमारे ७० रुपये राज्यांचे. केंद्राच्या अंदाजानुसार या कपातीची किंमत ४८,००० कोटी. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, पंजाब अशा आठ विरोधी राज्यांनी नुकसान याच्या कितीतरी पट होईल असं सांगून भरपाई मागितली. १४ टक्के वाढीची हमी देणारी पाच वर्षांची भरपाई ३० जून २०२२ ला संपली आहे, त्यामुळे या वेळी तूट राज्यांनी स्वतःच सोसायची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, एसटी, पाटबंधारे हे सगळं राज्याच्या पैशातून चालतं. तुम्ही खासगी शाळा आणि खासगी दवाखाना वापरता, काका सरकारी. राज्याने तूट भरायला या खर्चात हात आखडता घेतला तर तुमचे ६२,४०० तसेच राहतील आणि काकांचं नुकसान होईल, त्यांनी कधी प्राप्तिकर भरलेला नसतानाही. कर्ज काढून भरली तर ती पुढच्या पिढीवर जाईल. मद्य, मुद्रांक, इंधन यांवरचा कर वाढवून भरली तर पुन्हा सर्वांवर.

म्हणून काकांना सांगा, दरवर्षी मार्चच्या सुमारास राज्याचा अर्थसंकल्प येतो तेव्हा त्यात दोन आकडे शोधायचे: ‘केंद्रीय करांतील हिस्सा’ आणि ‘राज्य वस्तू व सेवा कर’. दोन्हींच्या पुढे मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी शेजारी छापलेले असतात. सुधारित आकडा खाली आला असेल, तर त्याच पुस्तकात सार्वजनिक आरोग्य, शालेय शिक्षण आणि जलसंपदा यांच्या पानांवरचे सुधारित आकडे पाहायचे. कपात तिथे झाली की नाही, हे ग्रामसभेत आणि आमदाराला विचारता येतं.